सोलापुरात पाणी शंभराला उकळत नाही

पाण्याचा उत्कलनांक किती? पर्याय: ८० अंश, ९० अंश, १०० अंश, १२० अंश सेल्सिअस. पोलीस भरती असो, तलाठी असो, रेल्वे असो की गट-क, सामान्य विज्ञानाच्या कुठल्याही सराव-पुस्तकात हा प्रश्न सुरुवातीच्या पानांतच भेटतो. उत्तर १००. पोरं तो पुरता वाचतही नाहीत, टिक करून पुढं जातात.

आता आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर. उंचावर हवेचा दाब कमी असतो, आणि दाब कमी झाला की पाणी कमी तापमानालाच उकळू लागतं. ढोबळ हिशेब असा की दर तीनशे मीटर चढलं की उत्कलनांक एका अंशानं उतरतो. म्हणजे आपल्याकडं आधण साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथं ते अठ्ठ्याऐंशीच्या आसपास उकळतं, आणि म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्ये याच्या उलट घडतं. वाफ कोंडून दाब वाढवला की पाणी १२० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे त्या चार पर्यायांपैकी तीन कुठं ना कुठं खऱ्याच्या जवळ जाणारे आहेत; प्रश्न विचारणाऱ्यानं 'सामान्य वातावरणीय दाबाला' एवढे तीन शब्द लिहायला हवे होते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर आता पूर्व भागातल्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी जाऊन बसते. प्लायवूडचे खण, प्रत्येक खणात एक दिवा आणि चार्जिंगचा पॉइंट, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, दारात चपलांचा ढीग. इथली बरीच मुलं यंत्रमाग कामगारांची आहेत, काहींच्या आया विड्या वळतात. घरी तेलुगू, शेजारी कन्नड, पेपर मराठीतून. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून आलेली पोरं कॉट बेसिसवर राहतात आणि पहाटे ग्राउंड मारून येतात. वय सरत असतं, जागा निघत नसतात, घरात धाकट्या भावंडांची लग्नं ठरत असतात. त्यांना मी 'प्रश्न पाठ करू नका, समजून घ्या' असा कोरडा उपदेश करावा, हे मला पटत नाही. पाठांतर लागतंच. दोनशे सहा हाडं पाठच करावी लागतात, समजून घेऊन ती दोनशे सात होत नाहीत. जीवनसत्त्व क नसलं की स्कर्व्ही, ड नसलं की मुडदूस, हे तोंडावरच असायला हवं. शंभर प्रश्नांच्या पेपरात एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही.

तरीही एक गोष्ट मला मनापासून वाटते आणि ती मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. या सराव-पुस्तकांतलं विज्ञान दुसऱ्या कुणाच्या गावाबद्दलचं नाही. ते आपल्या माठात आहे, मागावर आहे, ताटात आहे, उजनी धरणात आहे. वन लायनर वाचला की तो एकदा सोलापुरात शोधायचा. सापडला की तो विसरता येत नाही. आणि सापडला नाही, किंवा थोडा वेगळाच सापडला, तर खरं शिक्षण तिथून पुढं सुरू होतं.

उत्कलनांक आम्ही मोजला. अभ्यासिकेच्या मागच्या पडवीत गॅसची शेगडी, स्वच्छ पातेल्यात गाळलेलं पाणी आणि माझ्याकडचा प्रयोगशाळेतला थर्मामीटर. त्याचा पाऱ्याचा फुगा तळाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर पातेल्याचं तापमान येतं. पारा अठ्ठ्याण्णवच्या पुढं थोडा सरकला आणि थांबला. पाणी खदखदत होतं, खाली गॅस मोठा होता, पण पारा ढिम्म. पोरांना धक्का शंभराचा बसला नाही, या थांबण्याचा बसला. "बाई, गॅस तर चालूय की ओ, मग उष्णता जातीय कुठं?" एकानं विचारलं. झालं, सुप्त उष्मा हा धडा त्यानं स्वतःच उघडला. एक ग्रॅम पाण्याची त्याच तापमानाची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला ८०. हे दोन आकडे पेपरात पुन्हा पुन्हा येतात आणि पोरं त्यांची अदलाबदल करतात. पडवीतल्या त्या संध्याकाळनंतर आमच्या बॅचमध्ये कुणी केली नाही.

परीक्षेत काय लिहायचं, हे मात्र मी स्पष्ट सांगते: १०० लिहायचं. तिथं सोलापूरची उंची काढत बसायचं नाही. प्रश्नामागं न लिहिलेली अट कोणती आहे ते ओळखणं, हेही ज्ञानच आहे.

त्याच सुप्त उष्म्याचा माठ. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. माठाच्या अंगावरून पाणी पाझरतं, वाफ होऊन उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकी वाफ झपाट्यानं होते, म्हणून सोलापूरच्या माठाला जी गारवण आहे ती मुंबईच्या माठाला नाही. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर इथं घर गार करतो, मुंबईत तोच कूलर खोलीत नुसता दमटपणा भरतो. आमच्यातला एक मुलगा मुंबईला पोलीस भरतीच्या ग्राउंडला जाऊन आला. आल्यावर म्हणाला, "बाई, तिथं सोळाशे मीटर पळालो तर घाम आला, पण वाळंनाच. इथल्यापेक्षा ऊन कमी, तरी जीव नकोसा झाला." सापेक्ष आर्द्रतेची व्याख्या त्यानं पाठ केलेली होतीच, आता ती त्याच्या अंगावरून गेली होती. शरीर गार होतं ते घाम आल्यानं नव्हे, घाम उडाल्यानं, हे त्याला मला वेगळं सांगावं लागलं नाही.

दमटपणाचाच दुसरा प्रश्न भूगोलात येतो. मुंबईत कापूस गिरण्या का वाढल्या? पर्यायांत 'दमट हवामान' असतं आणि ते बरोबरही आहे. कोरड्या हवेत सूत ताठ होतं, तुटतं. ओलसर हवेत कापसाच्या धाग्याला बळ येतं. पण मग सोलापूर? इथं पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख, आणि तरी १८७७ मध्ये इथं 'जुनी गिरणी' या नावानं ओळखली जाणारी गिरणी उभी राहिली. पुढं आणखी गिरण्या आल्या आणि भोंग्यावर गावाचं घड्याळ चालू लागलं. हा प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवते आणि उत्तर देत नाही. पोरं घरी विचारून येतात. कुणाचे पणजोबा तेलंगणातून हातमागासकट आलेले, कुणाचे आजोबा गिरणीत कताई खात्यात होते आणि तिथं हवेत पाण्याचे बारीक फवारे सोडून कृत्रिम दमटपणा राखायचे, हे त्यांच्याकडूनच कळतं. आसपासच्या काळ्या मातीतला कापूस, १८६०च्या सुमारास आलेली रेल्वे, पिढीजात विणकर हात, आणि हवामानाची उणीव भरून काढणारं यंत्र. एका पर्यायात न मावणारं उत्तर आहे हे. तरी पद्मशाली विणकर घरातली मुलगी ते उभी राहून सांगते तेव्हा तिच्या आवाजात जी धार येते, ती मला कुठल्याही टेस्ट सिरीजच्या गुणांपेक्षा मोलाची वाटते.

मागावरचीच गोष्ट पुढं सांगते, कारण ती माझी सगळ्यांत आवडती आहे. 'संगणकाचा जनक कोण?' उत्तर चार्ल्स बॅबेज. याच्या अलीकडं काय होतं ते सहसा विचारत नाहीत. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्ड यानं १८०४च्या सुमारास असा माग तयार केला की कापडावरची नक्षी भोकं पाडलेल्या कार्डांवरून विणली जाईल. जिथं भोक तिथं सुई आत जाते, मागाचा हूक वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा. जिथं भोक नाही तिथं धागा खालीच राहतो. होय किंवा नाही, एक किंवा शून्य. बॅबेजनं आपल्या नियोजित यंत्रासाठी हीच कार्डं घेतली. अमेरिकेची १८९०ची जनगणना हर्मन हॉलरिथच्या भोकांच्या कार्डांवर मोजली गेली. आणि सोलापुरी चादरीवरचे ते मोर, ती फुलं, त्या चौकटी याच जॅकार्डवर विणल्या जातात. एका मुलीनं वडिलांच्या कारखान्यातलं एक जुनं पुठ्ठ्याचं कार्ड आणलं. पिवळं पडलेलं, कडा झिजलेल्या. ते बाकावर ठेवून आम्ही बायनरी संख्या शिकलो. १०११ म्हणजे दशमानात ११, हे तिनं चार भोकांच्या जागा दाखवून सांगितलं. तिचे वडील आयुष्यभर ज्या कार्डांसमोर उभे राहिले, तीच कार्डं संगणकाच्या घराण्यातली आहेत, हे तिनं घरी जाऊन त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी चार कार्डं पाठवली.

घड्याळाचंही असंच. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, हे सगळ्यांना पाठ. सोलापूर ७५.९ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली की फरक सव्वीस मिनिटांचा. म्हणजे आपला खरा मध्यान्ह बारा वाजता होत नाही, साडेबाराच्या आत-बाहेर होतो. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जातं, ते ज्या आठ राज्यांतून जातं त्यांत आपण नाही. आपण त्याच्या दक्षिणेला, १७.७ अक्षांशावर. म्हणून सूर्य आपल्या थेट डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, एकदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. ऑगस्टमध्ये बहुधा ढग असतात, मे मात्र हमखास. पोरांना गच्चीत उभं करून सावली पायाखाली सरकताना दाखवली, की अक्षांश, रेखांश, पृथ्वीचा कल आणि प्रमाणवेळ हे चार धडे एकाच दुपारी होतात. दिल्लीच्या पोराला हे कधीच दिसणार नाही. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

आता ताटाकडं येते. ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. जीवनसत्त्वांच्या तक्त्यात ब-३ म्हणजे नायसिन, अभावानं पेलाग्रा होतो, ही ओळ असते. पोरांना तो परदेशी रोग वाटतो. पण पेलाग्रा आपल्या दख्खनच्या पठारावर होता. ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या गरीब मजुरांच्या अंगावर उन्हाच्या जागी काळे खरबरीत चट्टे उठायचे, पोट बिघडायचं, मन भ्रमायचं. हैदराबादच्या पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास यावर काम केलं आणि ज्वारीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लाच्या जादा प्रमाणाकडं लक्ष वेधलं. आता शेंगदाणा बघा. नायसिनचा तो फार चांगला स्रोत. भाकरीला जे कमी, ते चटणीत भरपूर. आपल्या आज्यांनी हे जोडी लावून दिलं, प्रयोगशाळेत न जाता. मी हे सांगितलं तेव्हा खोलीवर स्वतःच स्वयंपाक करणारा मंगळवेढ्याचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे बाई, महिनाअखेरीला आम्ही भाकरी-चटणीवर काढतो ते अगदीच वाईट नाही." नाही बाळा, अगदीच वाईट नाही, पण दूध, पालेभाजी, डाळ हेही लागतं. रात्री अकरापर्यंत जागून, पहाटे पाचला पळणाऱ्या पोरांचं खाणं हा माझ्या काळजीचा विषय आहे. हिमोग्लोबिनचं कार्य विचारलं तर धडाधड सांगतात, आणि स्वतःचं तपासलं तर मुलींचं कमी निघतं.

इतिहासाचं थोडक्यात सांगते, कारण तिथं गाव स्वतःच बोलतं. रोज हुतात्मा चौक ओलांडून येणाऱ्या मुलांना मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही चार नावं आणि १२ जानेवारी १९३१ ही त्यांच्या फाशीची तारीख वेगळी पाठ करावी लागू नये. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातला आपल्या गावचा हा डॉक्टर १९४२ मध्ये तिथंच, बत्तिसाव्या वर्षी गेला. आमच्यातली बरीच मुलं त्या वयाच्या जवळ आलेली आहेत. तिथं नेलं की ती आपोआप गप्प होतात.

एक प्रश्न मात्र मला दरवेळी त्रास देतो. 'महाराष्ट्रातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठे अभयारण्य कोणते?' उत्तर: माळढोक अभयारण्य, १९७९, नान्नज. शहरापासून तासाच्या आत. पोरं अभिमानानं टिक करतात, आपल्या जिल्ह्याचं उत्तर म्हणून. मी विचारते, माळढोक पाहिलाय कुणी? एकही हात वर येत नाही. यायची शक्यताही कमी, कारण आता उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात जैसलमेरकडं आहेत आणि जगभरात मिळून त्यांची संख्या फार थोडी राहिली आहे. सहसा एका वेळी एकच अंडं, तेही उघड्या माळावर. एवढा जड पक्षी, त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना. समोरचं त्याला फार कमी दिसतं, म्हणून उडताना विजेच्या तारांवर आदळतो. पडीक म्हणून आपण ज्या माळाकडं पाहिलं, तो गवताळ प्रदेश ही एक पूर्ण परिसंस्था आहे, हे पर्यावरणाच्या पुस्तकात एक ओळीत येतं. ती ओळ नान्नजला जाऊन वाचावी. तिथं गवत आहे, काळवीट आहे, लांडगा आहे, खाली बसून ऐकलं तर चंडोल आहे. उत्तरातला पक्षी तेवढा सहसा दिसत नाही. हे मुलांना कळायलाच हवं असं मला वाटतं, कारण उद्या यांच्यातलाच कुणी वनरक्षक होणार, कुणी तलाठी होऊन सातबाऱ्यावर 'गायरान' की 'पडीक' हे लिहिणार.

उजनीवर मात्र मला पोरांनी शिकवलं. सोलापुरात उन्हाळ्यात वर्तमानपत्र उघडलं की पहिल्या पानावर उजनीचा साठा असतो, आणि तो उणे असतो. २०२४च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. पाण्याचा साठा उणे कसा असेल? धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला सुमारे ६३.६ टीएमसी मृत साठा, म्हणजे एरवी वापराच्या हिशेबात न धरलेलं तळचं पाणी, आणि ५३.६ उपयुक्त. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची. तो संपला की पाणी मृत साठ्यातून जातं आणि आकडा शून्याखाली उतरतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३१ कोटी लिटर. उणे पन्नास टक्के म्हणजे धरणात किती पाणी शिल्लक? शेकडेवारीचं हे उदाहरण आम्ही फळ्यावर सोडवलं: ५३.६ चे निम्मे २६.८, ते ६३.६ मधून वजा, उरले जवळपास ३७ टीएमसी. पाणी चार-पाच दिवसांनी येणाऱ्या घरांतली मुलं होती ती. गणित चुकलं नाही कुणाचं.

तेवढ्यात विडी घरकुल वसाहतीतून येणारी एक मुलगी उठली. म्हणाली, "बाई, पण हे ३७ टीएमसी सगळं पाणीच आहे का? तळाला गाळ असंल की. तो वजा केलाय का आपण?"

केला नव्हता. गाळानं जलाशयाची क्षमता दरवर्षी थोडी थोडी घटते, हे पुस्तकात आहे. उजनीचा शेवटचा गाळ-सर्वेक्षण अहवाल काय म्हणतो, हे कुठल्याही प्रश्नसंचात नाही. मग ती स्वतःच म्हणाली, माहितीचा अधिकार टाकू या. अधिनियम २००५ चा, अर्ज जन माहिती अधिकाऱ्याकडं, उत्तराची मुदत तीस दिवस, नाही आलं तर प्रथम अपील. राज्यशास्त्राच्या पानावरचं सगळं तिला पाठ होतं. त्या संध्याकाळी कुणी पेपर सोडवला नाही. सगळी तिच्या खणाभोवती जमली. 'सर्वेक्षणाचे वर्ष', 'त्या वर्षीचा एकूण, मृत व उपयुक्त साठा', 'गाळाचे अंदाजित घनफळ' अशी कलमं एकेकानं सांगितली, तिनं सुवाच्य अक्षरात लिहून काढली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प तिनंच आणला, अर्ज दोन प्रतींत केला, आणि पोचपावतीवर आवक क्रमांक घ्यायचा असतो हे मला बजावून सकाळी जलसंपदाच्या कार्यालयात निघाली.